दोन पर्जन्यनकाशे कितपत सारखे? ग्रिड-डेटाची तुलना करू लागणाऱ्यांसाठी

हवामानशास्त्र, समुद्रविज्ञान किंवा जलविज्ञान यांपैकी कोणत्याही विषयात नव्याने काम करू लागलेल्या विद्यार्थ्यापुढे लवकरच एक प्रश्न येतो. एकाच प्रदेशाचे आणि एकाच काळाचे दोन डेटासंच त्याच्या हाती असतात आणि ते एकमेकांशी कितपत जुळतात हे त्याला सांगायचे असते. तो दोन नकाशे शेजारी शेजारी काढतो, सहसंबंध गुणांक मोजतो, ०.८ च्या आसपास काही आकडा आला की समाधान मानतो आणि पुढे जातो. हा लेख त्या घाईच्या आधी वाचण्यासाठी आहे. सारखेपणा हा दोन नकाशांच्या अंगी असलेला एकच एक गुण नव्हे. तो कोणत्या बाबतीतला हे आधी ठरवावे लागते. शिवाय नवख्याला दिसणारे बरेचसे फरक पावसातले नसतात, डेटाच्या तयारीत राहिलेल्या चुकांचे असतात.

सगळे विवेचन एकाच उदाहरणाभोवती ठेवले आहे. एका बाजूला भारतीय हवामान विभागाचा ०.२५ अंशांचा दैनंदिन पर्जन्य डेटा आहे. तो १९०१ पासून उपलब्ध असून देशभरातील पर्जन्यमापकांच्या नोंदींवरून, जवळच्या केंद्रांना अधिक वजन देणाऱ्या अंतर्वेशनाने, म्हणजे मापकांमधल्या जागांच्या किमती अंदाजाने भरणाऱ्या गणिताने, तयार केलेला आहे. दुसऱ्या बाजूला ईसीएमडब्ल्यूएफ या युरोपीय हवामान केंद्राचे ईआरए-५ हे पुनर्विश्लेषण आहे, म्हणजे निरीक्षणे आणि संगणकीय प्रारूप यांचा मेळ घालून पुन्हा उभे केलेले गतकाळाचे हवामान. त्यातला पाऊस संगणकीय प्रारूपाने काढलेला असतो आणि भारतातील पर्जन्यमापकांच्या नोंदी त्यात थेट वापरलेल्या नसतात. एक मोजलेला, एक गणित करून काढलेला, असे हे दोन पाऊस आहेत. तापमान, समुद्रपृष्ठाची उंची किंवा मातीतील ओलावा यांच्या ग्रिडलाही पुढील बहुतेक पायऱ्या लागू पडतात. पाऊस मुद्दाम घेतला, कारण तो सर्वांत जास्त त्रास देतो. वाचकाला पायथन आणि त्यातील एक्सअरे, मॅटप्लॉटलिब यांची तोंडओळख आहे असे धरले आहे. ग्रिडवरील प्रत्येक छोट्या चौकोनाला, बुद्धिबळाच्या पटावर म्हणतो तसे, ‘घर’ म्हटले आहे.

पहिली पायरी: प्रश्न कागदावर लिहा

संगणक सुरू करण्यापूर्वी एका वाक्यात प्रश्न लिहावा. ‘दोन डेटासंच सारखे आहेत का?’ हे वाक्य चालणार नाही. ‘जून ते सप्टेंबर या काळातील एकूण पाऊस दोन्हींत सरासरीने तितकाच आहे का?’, ‘सह्याद्रीच्या माथ्यावर जास्त आणि पूर्वेकडे झपाट्याने कमी होत जाणारा पाऊस दोन्हींत त्याच ठिकाणी दिसतो का?’, ‘अतिवृष्टीचे दिवस दोन्हींत तेच आहेत का?’ हे तीन वेगळे प्रश्न आहेत. एकच जोडी पहिल्यात उत्तीर्ण होऊन तिसऱ्यात सपशेल नापास होऊ शकते. धरणाच्या वार्षिक आवकीचा अंदाज करणाऱ्याला पहिला प्रश्न पुरतो. पुराचा इशारा देणाऱ्याला तो जवळजवळ निरुपयोगी आहे.

दुसरी पायरी: दोन्ही डेटा एका मापात आणा

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि म्हणूनच सर्वांत जास्त चुका इथे होतात. सुरुवात एककांपासून करावी. हवामान विभागाचा डेटा मिलिमीटरमध्ये असतो, तर ईआरए-५ मधील एकूण पर्जन्य मीटरमध्ये असते. म्हणजे त्याला १००० ने गुणावे लागते. ही चूक निदान लगेच लक्षात तरी येते, कारण एक नकाशा पूर्ण कोरडा दिसतो.

तारखेची चूक मात्र लपून राहते. हवामान विभागाचा पर्जन्यदिवस सकाळी ८:३० वाजता संपतो. त्या वेळी मापकात मोजलेला मागील २४ तासांचा पाऊस त्या सकाळच्या तारखेवर नोंदवला जातो. मुंबईकरांच्या स्मरणात २६ जुलै २००५ ही तारीख कोरलेली असली, तरी सांताक्रूझ येथील ९४४ मिलिमीटरची ती नोंद २७ जुलैच्या सकाळी ८:३० वाजता संपलेल्या २४ तासांची आहे. याउलट ईआरए-५ चा डेटा तासागणिक आणि जागतिक प्रमाणवेळेनुसार असतो, आणि प्रत्येक तासाची नोंद तो तास संपल्याच्या वेळेवर टाकलेली असते. भारतीय सकाळचे ८:३० म्हणजे जागतिक वेळेचे ३:००. म्हणून २७ तारखेच्या भारतीय पर्जन्यदिवसासाठी ईआरए-५ मधील २६ तारखेच्या ४:०० पासून २७ तारखेच्या ३:०० पर्यंतच्या चोवीस नोंदींची बेरीज करावी लागते. संगणकावर हे करण्याची सोपी रीत अशी, की वेळेच्या अक्षातून आधी ४ तास वजा करावेत, मग दिवसवार बेरीज घ्यावी आणि मिळालेल्या तारखेत १ दिवस मिळवावा. जो हे न करता मध्यरात्र ते मध्यरात्र अशी बेरीज घेतो, त्याच्या नकाशांमध्ये फारसे वावगे काही दिसत नाही. फक्त दैनंदिन सहसंबंध विनाकारण खाली येतो आणि दोष प्रारूपाच्या माथी जातो.

तारीख नीट जुळली आहे की नाही हे तपासण्याची एक हुकमी युक्ती आहे. एक डेटासंच एक दिवस मागे, तसाच ठेवून आणि एक दिवस पुढे सरकवून तीन वेळा सहसंबंध मोजावा. तो मधल्या स्थितीत सर्वांत जास्त यायला हवा. एका बाजूला सरकवल्यावर तो वाढत असेल, तर तारखेत घोळ आहे असे खुशाल समजावे.

यानंतर अक्षांशांची दिशा पाहावी. ईआरए-५ मध्ये अक्षांश उत्तरेकडून दक्षिणेकडे लिहिलेले असतात, तर हवामान विभागाच्या ग्रिडमध्ये दक्षिणेकडून उत्तरेकडे, ६.५ अंशांपासून ३८.५ अंशांपर्यंत. एक्सअरे अक्षांशाच्या लेबलावरून घरे जुळवते म्हणून तिथे प्रश्न येत नाही. पण नुसत्या नमपायच्या सारण्या एकमेकींतून वजा केल्या, तर काश्मीरच्या पावसातून कन्याकुमारीचा पाऊस वजा होतो. एक्सअरेची स्वतःची एक खोड मात्र आहे. दोन संचांची लेबले तंतोतंत जुळली नाहीत, तर ते कोणतीही तक्रार न करता फक्त जुळणारी घरे ठेवते आणि उरलेली गाळून टाकते. ०.१ अंशाच्या ग्रिडमध्ये दशांशांच्या सूक्ष्म फरकामुळे हे वारंवार घडते. म्हणून प्रत्येक वजाबाकीनंतर उत्तरातील घरांची संख्या छापून पाहण्याची सवय लावून घ्यावी.

हवामान विभागाच्या फायलींमध्ये जिथे डेटा नाही तिथे उणे ९९९ ही किंमत भरलेली असते. ती ‘किंमत नाही’ अशी बदलून घेतली नाही तर किनारपट्टीवर उणे पाऊस पडू लागतो. त्याचप्रमाणे हा डेटा केवळ भारताच्या भूभागापुरता आहे, तर ईआरए-५ समुद्रावरही आहे. दोन्हींत किंमत असलेली घरे तेवढीच ठेवून समाईक मुखवटा तयार करावा आणि पुढील प्रत्येक आकडा त्या मुखवट्याच्या आतच मोजावा. सरासरी एका मुखवट्यावर आणि सहसंबंध दुसऱ्यावर असे झाले तर आकडे एकमेकांशी बोलत नाहीत.

राहिला ग्रिडचा प्रश्न. सुदैवाने आपल्या या जोडीत दोन्हींचे बिंदू पाव-पाव अंशावर, त्याच जागी येतात. नासाच्या आयमर्ग या उपग्रहीय पर्जन्य डेटाचे घर ०.१ अंशाचे आहे. पाव अंशाच्या घराच्या प्रत्येक बाजूवर अशी अडीच घरे बसतात आणि तिथे नुसती जवळच्या बिंदूची किंमत उचलून चालत नाही. पावसासाठी क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटणी करून एकूण पाणी कायम राखणारी पद्धत वापरावी. तापमानासारख्या सावकाश बदलणाऱ्या राशीसाठी भोवतीच्या चार बिंदूंवरून किंमत काढणारे द्विरेषीय अंतर्वेशन चालते. आणि नेहमी बारीक ग्रिड जाड ग्रिडवर आणावे, उलटे करू नये. जाड ग्रिडची घरे फोडून बारीक केली म्हणून त्यांत नवी माहिती येत नाही. खुद्द ईआरए-५ पाव अंशावर मिळत असले तरी त्यामागील प्रारूप सुमारे ३१ किलोमीटरच्या अंतरावर चालते, ही गोष्ट सह्याद्रीच्या बाबतीत फार महत्त्वाची ठरते. महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि घाट उतरून वाईला आले की तो १००० च्याही खाली जातो. हे अंतर एखाद्या घराएवढेच आहे. इतका तीव्र उतार त्या प्रारूपात पुरता उतरावा अशी अपेक्षाच करू नये.

तिसरी पायरी: मोजण्याआधी पाहा

आता नकाशे काढावेत, आणि तीन काढावेत: पहिला डेटा, दुसरा डेटा आणि त्यांतील फरक. पहिल्या दोहोंना एकच रंगपट्टी आणि तिच्या त्याच सीमा हव्यात. आलेखाची सॉफ्टवेअर प्रत्येक नकाशाची किमान व कमाल किंमत पाहून रंग आपोआप ताणतात. त्यामुळे निम्म्या पावसाचा नकाशाही हुबेहूब सारखा दिसू शकतो. सीमा हाताने द्याव्यात. दैनंदिन पावसासाठी हवामान विभागाचेच वर्ग वापरले तर वाचकाला ओळखीचे वाटते: २.५, १५.६, ६४.५, ११५.६ आणि २०४.५ मिलिमीटर. यांतील ६४.५ पासून ‘जोरदार’ पाऊस सुरू होतो.

इंद्रधनुषी रंगपट्टी टाळावी. तिच्यात पिवळ्याच्या आणि आकाशीच्या जागी डोळ्याला कडा दिसते, पण डेटामध्ये तशी कडा नसते. शिवाय लाल-हिरवा भेद न कळणाऱ्या वाचकासाठी ती निरर्थक ठरते. मॅटप्लॉटलिबने २०१७ मधील २.० या आवृत्तीपासून तशी जुनी पट्टी सोडून व्हिरिडिस ही पट्टी मूळ निवड म्हणून स्वीकारली, त्यामागेही अशीच कारणे होती. फरकाच्या नकाशासाठी मात्र दोन टोकांची पट्टी लागते, जिचा मध्य पांढरा असेल आणि तो बरोबर शून्यावर असेल. पावसाच्या बाबतीत कोरडेपणाला तपकिरी आणि ओलेपणाला निळसर हिरवा हा संकेत रूढ आहे. तो उलटा केला तर वाचक शीर्षक वाचण्याआधीच चुकीचे समजून बसतो.

मिलिमीटरमधील फरकाचा नकाशा कोकण आणि मेघालय यांच्याच रंगांनी भरून जातो, कारण तिथे पाऊसच जास्त. मराठवाड्यात ३० टक्क्यांची चूक असली तरी ती फिकट दिसते. म्हणून त्याच्या जोडीला टक्केवारीतील फरकाचा नकाशाही काढावा, आणि त्यात राजस्थानातील फार कमी पावसाची घरे झाकून ठेवावीत, अन्यथा जवळजवळ शून्याने भागल्यामुळे वाळवंटात भलतेच आकडे चमकू लागतात.

चौथी पायरी: तीन आकडे आणि एक आकृती

इथे आकडेमोड सुरू होते. दोन नकाशांच्या तुलनेत किमान तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात: सरासरींमधील फरक, चढउतारांचे प्रमाण म्हणजे प्रमाण विचलन, आणि चढउतारांच्या आकृतिबंधाचा सहसंबंध. यांतील एकही दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही. सगळीकडे नेमका अर्धा पाऊस देणाऱ्या डेटाचा सहसंबंध १ येतो.

तिन्ही आकडे मोजताना प्रत्येक घराला त्याच्या अक्षांशाच्या कोसाइनचे वजन द्यावे, कारण उत्तरेकडे रेखावृत्ते जवळ येतात आणि घर लहान होते. ८ अंशांवर हे वजन ०.९९ असते आणि ३७ अंशांवर ०.८०, म्हणजे लडाखकडील घर केरळच्या घराच्या सुमारे चार पंचमांशच भरते. केवळ महाराष्ट्रापुरते काम असेल तर हा परिणाम नगण्य आहे, पण सवय म्हणून वजन द्यावेच.

सरासरी काढून टाकल्यावर उरलेल्या फरकांचे वर्ग करून त्यांच्या सरासरीचे वर्गमूळ घेतले, की ‘केंद्रित चूक’ मिळते. तिचा वर्ग म्हणजे दोन्ही प्रमाण विचलनांच्या वर्गांची बेरीज, उणे त्या दोन विचलनांच्या व सहसंबंधाच्या गुणाकाराची दुप्पट. शाळेत शिकलेले त्रिकोणाचे कोसाइन सूत्र ज्याला आठवत असेल त्याला हे ओळखीचे वाटेल. लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेतील कार्ल टेलर यांनी २००१ मध्ये नेमक्या याच साम्यावरून एक आकृती मांडली आणि ती आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पाव वर्तुळाच्या या आकृतीत केंद्रापासूनचे अंतर म्हणजे प्रमाण विचलन आणि आडव्या अक्षाशी होणारा कोन म्हणजे सहसंबंधाचा व्यस्त कोसाइन. संदर्भ डेटा आडव्या अक्षावर बसतो, आणि प्रत्येक डेटासंचाचा बिंदू संदर्भापासून जितका दूर तितकी त्याची केंद्रित चूक.

एक उदाहरण हाताने करून पाहावे. संदर्भाचे विचलन १०, दुसऱ्याचे ७ आणि सहसंबंध ०.८ असे समजू. वर्गांची बेरीज १४९, त्यातून ११२ वजा केले की ३७ उरतात, म्हणजे केंद्रित चूक ६.०८. सरासरींत ३ चा फरक असेल तर ३७ मध्ये ९ मिळवून एकूण चुकीचा वर्ग ४६, म्हणजे एकूण चूक ६.७८. आता सहसंबंध तोच ठेवून दुसऱ्याचे विचलन ७ ऐवजी १० करा, म्हणजे चढउतार अगदी संदर्भाइतके. वर्गांची बेरीज २००, त्यातून १६० गेले, उरले ४०, चूक ६.३२. चढउतार बरोबर असलेला डेटा अधिक वाईट ठरला! सहसंबंध १ पेक्षा कमी असला, की थोडा गुळगुळीत, दबका डेटा या मोजपट्टीवर फायद्यात राहतो. केवळ चुकीचा आकडा लहान करण्याच्या मागे लागलेली प्रारूपे पावसाची शिखरे छाटत जातात, त्याचे एक कारण हे आहे. टेलर आकृतीत ही गोष्ट झाकली जात नाही, कारण केंद्रापासूनचे अंतर वेगळे वाचता येते. सरासरीचा फरक मात्र तिच्यात मुळीच दिसत नाही, तो बिंदूच्या रंगाने किंवा शेजारच्या तक्त्यात द्यावा लागतो.

आपला प्रोग्राम बरोबर आहे की नाही हे पाहण्यासाठी दोन्ही बाजूंना एकच डेटा द्यावा. सहसंबंध १, चूक शून्य आणि बिंदू संदर्भावर यायलाच हवा. मग त्यालाच २ ने गुणून द्यावे. बिंदू आडव्या अक्षावरच राहून दुप्पट अंतरावर जायला हवा.

पाचवी पायरी: फुकट मिळालेला सहसंबंध वजा करा

मेघालयात खूप पाऊस पडतो आणि जैसलमेरला फारसा पडत नाही, एवढे ज्या डेटाला ठाऊक आहे त्याचा अखिल भारतीय सहसंबंध चांगलाच येतो. त्यासाठी त्या वर्षीचा मान्सून त्याला कळलेला असण्याची गरज नाही. म्हणून प्रश्न एखाद्या विशिष्ट वर्षाचा किंवा दिवसाचा असेल, तर प्रत्येक डेटामधून त्याची स्वतःची दीर्घकालीन सरासरी, उदाहरणार्थ १९९१ ते २०२० ची, घराघराने वजा करावी आणि उरलेल्या तफावतींची तुलना करावी. आकडा खाली येईल. तो खरा आकडा आहे.

पावसाची दुसरी अडचण अशी, की त्याच्या किमती एका बाजूला कललेल्या असतात: बहुतेक घरांत थोडा पाऊस आणि मोजक्या घरांत प्रचंड. नेहमीचा सहसंबंध त्या मोजक्या घरांच्याच मुठीत जातो. तुलनेआधी किमतींचे वर्गमूळ घ्यावे, किंवा किमतींऐवजी त्यांच्या क्रमांकांवर चालणारा स्पिअरमन सहसंबंध जोडीला द्यावा. नेहमीच्या आणि स्पिअरमन सहसंबंधांत मोठा फरक आला, तर ठिपक्यांचा आलेख काढून पाहावा. सुमारे पाच हजार घरांचे ठिपके एकमेकांवर चढून काळा डाग होतो, म्हणून षट्कोनी घरांत मोजणी करणारा घनतेचा आलेख अधिक उपयोगी पडतो.

सहावी पायरी: जागा चुकलेल्या पावसाला न्याय द्या

आता त्या अडचणीकडे वळू, जिच्यात हुशार विद्यार्थीही फसतात. एका ओळीत दहा घरे आहेत असे समजा. प्रत्यक्षात पाऊस चौथ्या घरात पडला. पहिल्या प्रारूपाने तो पाचव्या घरात दाखवला, दुसऱ्याने कुठेच दाखवला नाही. पाऊस पडलेल्या घराला १ आणि कोरड्या घराला ० असे धरले, तर पहिल्याची वर्गमूळ चूक ०.४५ येते आणि दुसऱ्याची ०.३२. सहसंबंध पाहावा तर पहिल्याचा उणे ०.११. म्हणजे ज्याने पाऊस येणार हे बरोबर ओळखले आणि जागा एकाच घराने चुकवली, तो ज्याने पाऊस ओळखलाच नाही त्याच्यापेक्षा वाईट ठरतो. नव्हता तिथे दाखवला म्हणून एक शिक्षा आणि होता तिथे दाखवला नाही म्हणून दुसरी. या दुहेरी शिक्षेमुळे बारीक ग्रिडची प्रारूपे घर-ते-घर तुलनेत बहुतेकदा मार खातात.

ब्रिटनच्या हवामान कार्यालयातील नायजेल रॉबर्ट्स आणि हम्फ्री लीन यांनी २००८ मध्ये यावर जो उपाय मांडला तो आता सर्वत्र वापरला जातो. आधी एक उंबरठा ठरवायचा, जसे ६४.५ मिलिमीटर. मग प्रत्येक घराभोवती एक खिडकी धरायची आणि तिच्यातील किती हिस्सा घरांत पाऊस त्या उंबरठ्यापलीकडे आहे हे दोन्ही डेटांत मोजायचे. या हिश्शांमधील फरकांच्या वर्गांची बेरीज घ्यायची, तिला दोन्हींकडील हिश्शांच्या वर्गांच्या एकूण बेरजेने भागायचे आणि भागाकार १ मधून वजा करायचा. हा हिस्सा-गुणांक १ आला तर पूर्ण जुळणी आणि ० आला तर काहीच जुळत नाही असा अर्थ होतो.

वरील दहा घरांवर तो मोजू. खिडकी एका घराची असेल तर फरक दोन घरांत, भाजक २, म्हणून गुणांक शून्य. खिडकी तीन घरांची केली, की प्रत्यक्षातला हिस्सा तिसऱ्या ते पाचव्या घरांत एक तृतीयांश होतो आणि प्रारूपातला चौथ्या ते सहाव्या घरांत. फरक फक्त तिसऱ्या आणि सहाव्या घरांत राहतो. गुणांक १ उणे २/६, म्हणजे ०.६७. पाच घरांच्या खिडकीत तो ०.८ होतो. पाऊस न दाखवणाऱ्या दुसऱ्या प्रारूपाचा गुणांक मात्र खिडकी कितीही मोठी केली तरी शून्यच राहतो. आडव्या अक्षावर खिडकीचा आकार आणि उभ्या अक्षावर गुणांक असा आलेख काढला, की कोणत्या अंतरापासून पुढे हा डेटा भरवशाचा आहे हे एका नजरेत वाचता येते. मला स्वतःला हा आलेख टेलर आकृतीपेक्षाही अधिक प्रामाणिक वाटतो, कारण तो ‘किती सारखे’ याचे उत्तर ‘किती किलोमीटरवर’ असे देतो.

२६ जुलै २००५ च्याच त्या २४ तासांत कुलाब्याला ७३ मिलिमीटर पाऊस झाला. सांताक्रूझ आणि कुलाबा यांत पंचवीसेक किलोमीटरचे अंतर आहे, म्हणजे पाव अंशाच्या ग्रिडवर दोन्ही ठिकाणे जवळजवळ एकाच घरात येतात. ९४४ आणि ७३ यांच्यातील कोणता आकडा त्या घराने दाखवावा? या प्रश्नाला बरोबर उत्तर नाही. एका मापकाची नोंद घराच्या सरासरीशी ताडून ‘डेटा चुकला’ असा निष्कर्ष काढणाऱ्याने ही दोन ठिकाणे डोळ्यांसमोर ठेवावीत.

छायाचित्रांच्या दर्जासाठी २००४ मध्ये मांडलेला संरचना-साम्य निर्देशांक हाही काही जण वापरतात. तो छोट्या खिडकीत सरासरी, चढउतार आणि आकृतिबंध यांची एकत्र तुलना करून प्रत्येक घराला एक आकडा देतो, त्यामुळे साम्याचाच नकाशा काढता येतो. मात्र त्यातील स्थिरांक छायाचित्रांच्या उजळपणासाठी ठरवलेले आहेत; पावसाच्या किमती तशाच भरल्या तर उत्तराला अर्थ राहत नाही. किमती आधी एका ठरावीक पल्ल्यात आणाव्या लागतात, आणि तो पल्ला कोणता घेतला हे सांगावे लागते.

सातवी पायरी: दोनाहून अधिक डेटा असतील तर

सहा डेटासंचांच्या जोड्या पंधरा होतात आणि पंधरा फरकनकाशे कोणी पाहत नाही. अशा वेळी सहा बाय सहाचा साम्य-तक्ता करून त्याला रंग द्यावेत. ओळींचा क्रम वर्णानुक्रमे ठेवू नये. श्रेणीबद्ध समूहीकरण करून जवळचे डेटा शेजारी येतील असा क्रम लावावा, म्हणजे तक्त्यात कर्णालगत ठळक चौकोन उमटतात. समूहीकरणासाठी अंतर लागते, साम्य नव्हे. सहसंबंध १ मधून वजा करून दुपटीचे वर्गमूळ घेतले, की प्रमाणित केलेल्या (सरासरी शून्य आणि विचलन १ केलेल्या) नकाशांमधील खरे भौमितिक अंतर मिळते, ०.८ च्या सहसंबंधाला ते ०.६३ येते. हीच अंतरे बहुमितीय मापन पद्धतीला दिली तर सहाही डेटा कागदावर ठिपक्यांच्या रूपात मांडता येतात. त्या मांडणीत अंतरे किती मोडली-वाकवली गेली हे सांगणारा ताण-आकडा सोबत द्यावा, आणि अक्षांना काही अर्थ असतो असे समजू नये. अख्खी आकृती फिरवली तरी ती तीच राहते.

या तक्त्यात जे गट दिसतात त्यांचा अर्थ लावताना भावकी तपासावी. आयमर्गच्या अंतिम आवृत्तीत पर्जन्यमापकांवर आधारलेल्या मासिक डेटाने दुरुस्ती केलेली असते. चर्प्स हा डेटाही उपग्रह आणि मापके यांचा मिलाफ आहे. असे दोन डेटा हवामान विभागाच्या ग्रिडशी जुळले तर त्यात नवल ते काय. काही मापके तीच असू शकतात. ईआरए-५ च्या पावसात आपली मापके थेट नसल्यामुळे त्याची जुळणी कमी भरली, तरी पुरावा म्हणून ती अधिक वजनाची आहे.

आठवी पायरी: ठिपक्यांनी भुलू नका

घराघरातील कालिक सहसंबंधाचा नकाशा काढून ‘लक्षणीय’, म्हणजे योगायोगाने येण्याची शक्यता कमी असलेला सहसंबंध दिसलेल्या, घरांवर ठिपके देण्याची प्रथा आहे. ५ टक्क्यांची पातळी धरली तर, कुठेही खरा संबंध नसला तरी, सुमारे पाच हजार घरांपैकी अडीचशे घरांत निव्वळ योगायोगाने ठिपके येतील, आणि शेजारची घरे एकमेकांशी बांधलेली असल्याने ते विखुरलेले नसून घोळक्याने येतील. घोळका दिसला की डोळ्याला तिथे भौतिक कारण दिसू लागते. चुकीच्या शोधांचे प्रमाण आटोक्यात ठेवणारी दुरुस्ती पायथनच्या स्टॅट्समॉडेल्समध्ये तयार मिळते. ती लावल्याशिवाय ठिपके देऊ नयेत.

शेवटी आकृतीखालची ओळ. तिच्यात डेटाची आवृत्ती, काळ, पर्जन्यदिवसाची व्याख्या, तुलना कोणत्या ग्रिडवर केली आणि डेटा त्यावर कोणत्या पद्धतीने आणला, मुखवट्यात उरलेल्या घरांची संख्या, तफावत असेल तर ती कोणत्या सरासरीपासूनची, आणि हिस्सा-गुणांक असेल तर उंबरठा व खिडकी, एवढे लिहावे. ही ओळ चार ओळींची होते आणि मार्गदर्शक ती कापायला सांगतात. कापायचीच वेळ आली तर बाकी काहीही कापावे, पर्जन्यदिवसाची व्याख्या मात्र ठेवावी.